सिस्टिक फायब्रोसिसमधील विरळा फुप्फुस-संसर्ग

सिस्टिक फायब्रोसिस हा आई आणि वडील दोघांकडूनही सदोष सीएफटीआर जनुक आल्यास होणारा आजार. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यातल्या दोषामुळे श्वासनलिकांतला कफ घट्ट होऊन साचतो आणि त्यात जंतू मुक्काम ठोकतात. स्टॅफिलोकोकस आणि स्यूडोमोनास हे त्यातले नेहमीचे. इथे विचार आहे तो धडधाकट माणसाला सहसा न बाधणाऱ्या जंतूंचा.

सर्वांत धास्ती बर्खोल्डेरिया सेपेशिया गटाची. वॉल्टर बर्खोल्डर यांनी १९५० मध्ये त्याचे वर्णन केले ते कांदा सडवणारा जंतू म्हणून. इंदूरच्या चोइथराम मंडीत कांदे निवडणाऱ्यांना पिवळट, बुळबुळीत पापुद्र्यांची आंबूस वासाची सड ओळखीची असते. तशी सड या जंतूने होते. रुग्णाला मात्र कांद्यापेक्षा दुसऱ्या रुग्णाकडून धोका मोठा. कॅनडा व ब्रिटनमध्ये याचा एक वाण रुग्णा-रुग्णांत पसरला, तेव्हापासून रुग्णांची एकत्र शिबिरे बंद झाली. एकाच आजाराशी झगडणाऱ्या मुलांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते, हे फार क्लेशकारक आहे. काहींत हा जंतू वर्षानुवर्षे गप्प राहतो. काहींत तीव्र ताप, न्यूमोनिया आणि रक्तसंसर्ग होऊन काही आठवड्यांत जीव जातो. कोलिस्टिन या प्रतिजैविकाला तो मुळातच दाद देत नाही.

भारतात खरा घोळ होतो तो क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एका जंतूचा, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेससचा. थुंकीच्या काचपट्टीवर तो क्षयाच्या जंतूसारखाच लाल दिसतो. इंदुरात काय, कुठेही काय, खोकणाऱ्या, अंग न धरणाऱ्या मुलाला आधी क्षयाचीच औषधे सुरू होतात, आणि नेहमीच्या कोर्सने हा जंतू हटत नाही. काचपट्टी पॉझिटिव्ह पण सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आले, तर याची शंका घ्यायलाच हवी. अशा वेळी इंदूरच्या रामबाग वस्तीतल्या एखाद्या आजीचे ‘नातवाचा मुका खारट लागतो’ हे बोलणे डॉक्टरांनी कानाआड करू नये; सिस्टिक फायब्रोसिसमध्ये घाम खारट असतो. घामातील क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा अधिक भरले, तर निदान जवळजवळ पक्के होते.

स्टेनोट्रोफोमोनास, अ‍ॅक्रोमोबॅक्टर हे जंतू आणि सेडोस्पोरियम ही बुरशीही आढळतात. एस्परजिलस बुरशीने पुष्कळदा अ‍ॅलर्जी होऊन धाप वाढते. तिथे स्टेरॉइड लागतात.

थुंकी तपासायला पाठवताना चिठ्ठीवर ‘सिस्टिक फायब्रोसिस’ लिहिणे अत्यावश्यक. सेपेशिया सावकाश वाढतो, त्याला प्रयोगशाळेत वाढवायला वेगळे माध्यम लागते; साध्या कल्चरमध्ये स्यूडोमोनासच्या गर्दीत तो दडून जातो.