कांपो बालचिकित्सा

कांपो बालचिकित्सा: मुलांच्या दुखण्यांवर वनौषधींचे ठरलेले पाठ (म्हणजे मिश्रणाच्या कृती) देण्याची जपानी परंपरा. मूळ विद्या चिनी. पाचव्या-सहाव्या शतकांत ती कोरियामार्गे आणि पुढे थेट चीनमधून जपानात आली व तिथे रुजली. तिचा इतिहास पाहताना एक गोष्ट सतत जाणवते. औषधांचे पाठ शेकडो वर्षे जवळजवळ तसेच राहिले. मुलाला झाले आहे तरी काय याची समजूत, औषध देणारा माणूस आणि कित्येकदा ते घेणाराही मात्र बदलत गेला.

उपलब्ध असलेला सर्वांत जुना जपानी वैद्यकग्रंथ म्हणजे तांबा नो यासुयोरी याने 984 मध्ये सिद्ध केलेला ‘इशिनपो’. त्याच्या 30 खंडांपैकी 25 वा बालरोगांचा आहे. ग्रंथ बहुतांशी चिनी पुस्तकांतील उताऱ्यांचा असला तरी बुद्धकालीन भारतीय वैद्य जीवक याच्या नावावर चालणारे काही पाठही त्यात आढळतात. भारताशी नाते याहून जुने आहे. 756 मध्ये सम्राज्ञी कोम्योने नारा येथील तोदाइजी मंदिराला 60 औषधे अर्पण केली. त्यांच्या यादीत हिरडा आहे, आपल्या बाळगुटीत उगाळतात तोच. अर्थात हे सगळे दरबार आणि मठांपुरते होते. सामान्य घरातल्या पोरांपर्यंत यातले फारसे काही पोहोचत नसावे.

खरा विस्तार एदो काळातला (1603–1868). छापील पुस्तके स्वस्त झाली, शहरे वाढली आणि वैद्य आईबापांसाठी सोप्या जपानीत लिहू लागले. कात्सुकी ग्यूझान याचे मुलांच्या संगोपनावरील पुस्तक 1703 मध्ये निघाले. त्यात नवजाताच्या काळजीपासून देवी-गोवरापर्यंतचे विषय येतात.

त्या काळची एक पक्की समजूत म्हणजे गर्भविष. आईच्या पोटातून मूल विष घेऊन येते आणि पुढे पुरळ, करट, इतकेच काय देवीही त्यातूनच उठतात, असे मानत. म्हणून अंगावर पाजण्याआधी बाळाला ‘माकुरी’ या लाल समुद्रशेवाळाचा काढा चाटवत आणि पहिली काळी शी पडली की विष निघाले असे समजत. आईचे पहिले चिकाचे दूध हेच काम करते, हे वैद्यकाच्या पुस्तकांत फार पुढे आले.

दुसरी समजूत ‘कान’ नावाच्या बालविकाराच्या किड्याची. मूल रात्री किंचाळून उठते, चावते, हातपाय आपटते, दूध टाकते. तर त्याच्या पोटात एक विशिष्ट किडा आहे, असे म्हणत. 1568 च्या ‘हारिकिकिगाकी’ या हस्तलिखितात शरीरातल्या 63 किड्यांची रंगीत चित्रे आहेत. ते आज क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्यातले काही किडे चक्क गोंडस दिसतात. देवळांत किडा बांधून टाकण्याचा विधी होई. मुलाच्या तळहातावर शाईने अक्षरे लिहीत, हात धुवून पुसत, आणि मग बोटांच्या टोकांवर दिसणारे पांढरे बारीक तंतू दाखवून ‘हा बघा, निघाला’ म्हणत. काही मंदिरांत हा विधी अजून चालतो.

याच किड्यावर दोन गोळ्या देशभर गाजल्या. आजच्या तोचिगी प्रांतातील उझु घराण्याची ‘क्यूमेइगान’ 1597 पासूनची, तर ओसाकाची ‘हिया किओगान’ 1622 पासूनची, असे त्यांचे उत्पादक सांगतात. मोहरीहून लहान गोळ्या. उझुच्या गोळीवर चांदीचा मुलामा. आत कस्तुरी, गोरोचन, जिनसेंग असली महाग द्रव्ये. वयाप्रमाणे दाणे मोजून द्यायचे. क्यूमेइगान सुरुवातीला मोठ्यांचेही औषध होते. मुलांचे औषध ही ओळख मागाहून चिकटली. खेड्यांत औषध पोहोचवले ते तोयामाच्या फेरीवाल्यांनी. पुड्यांची पेटी घरी ठेवून जायची, पुढच्या खेपेला जेवढे वापरले तेवढ्याचेच पैसे घ्यायचे आणि पोरांच्या हाती कागदी फुगा ठेवायचा. धंद्याची ही रीत बिनतोड म्हणावी लागेल.

परंपरेला पहिला मोठा धक्का बसला तो देवीच्या साथींमुळेच. या रोगापुढे कांपोचे काढे फारसे चालत नव्हते. 1849 मध्ये गोस्तनदेवीची लस नागासाकीला पोहोचली आणि त्याच वर्षी वैद्य ओगाता कोआन याने ओसाकात लसीकरण केंद्र उघडले. मेइजी (1868 नंतरच्या नव्या) सरकारने 1883 मध्ये वैद्यकीचा परवाना पाश्चात्त्य वैद्यकाच्या परीक्षेला बांधला आणि कांपो वैद्यांना मान्यता देण्याचे विधेयक 1895 मध्ये संसदेने फेटाळले. गंमत अशी की 1879 मध्ये जन्मलेला राजपुत्र (पुढचा सम्राट ताइशो) तान्हेपणी गंभीर आजारी पडला, तेव्हा त्याच्यावर उपचार करणारा आसादा सोहाकू हा कांपोचाच वैद्य होता. बरा झालेला राजपुत्रही कायदा थोपवू शकला नाही.

पुढची काही दशके मुलांची औषधे उरली ती दुकानातल्या गोळ्या आणि घरगुती काढे यांच्या रूपात. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांमध्ये खऱ्याखुऱ्या जंतांनी कहर केला आणि माकुरी परत आली. शाळांत रांगा लावून मुलांना तिचा काढा पाजत. त्या उग्र वासाची आठवण त्या पिढीतले लोक आजही काढतात. 1953 मध्ये जपानी संशोधकांनी या शेवाळातून जंतांवर चालणारे काइनिक आम्ल वेगळे केले. चेतापेशींना उत्तेजित करण्याच्या गुणामुळे हे द्रव्य पुढे मेंदूच्या संशोधनात जगभर वापरले गेले.

आजचे रूप ठरले ते विम्यामुळे. 1967 मध्ये चार पाठांचे अर्क राष्ट्रीय आरोग्य विम्यात आले, 1976 पासून यादी झपाट्याने वाढली आणि आता तीत 148 पाठ आहेत. काढा उकळत बसण्याऐवजी दाणेदार अर्काची पुडी मिळू लागली आणि ती लिहून देणारा आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर झाला. वरचेवर पोट दुखणाऱ्या, अंथरूण ओले करणाऱ्या अशक्त मुलाला ‘शोकेंचूतो’ देतात. त्यात दालचिनी, आले, ज्येष्ठमध, चिनी बोरे, पिओनीचे मूळ आणि माल्टची साखर असते, त्यामुळे चव गोड. उलट्यांवर ‘गोरेइसान’; तोंडावाटे काही टिकत नसेल तर काही रुग्णालयांत ते गुदमार्गे देतात. चोंदलेल्या नाकाने दूध ओढता न येणाऱ्या तान्ह्याला ‘माओतो’.

काही पाठांनी वयेच बदलली. गहू, बोरे आणि ज्येष्ठमध एवढ्यावर भागणारे ‘काम्बाकुताइसोतो’ प्राचीन चिनी ग्रंथात विनाकारण रडणाऱ्या स्त्रीसाठी सांगितले होते. आज ते रात्री रडणाऱ्या बाळाला मिळते. उलट ‘रोकुमिगान’ हे चीनमधील सोंग राजवटीच्या काळातील बालवैद्य छ्येन यी याने मोठ्यांच्या पाठातून दोन उष्ण द्रव्ये काढून वाढ खुंटलेल्या मुलांसाठी बेतले, आणि आता ते लघवीच्या तक्रारी असलेले वृद्ध घेतात. ‘योकुकानसान’ हा सोळाव्या शतकातला चिनी पाठ चिडखोर मुलासाठी. आईनेही तेच औषध घ्यावे, अशी मूळ सूचना. 2005 मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या चिडचिडीवरील त्याच्या चाचणीचा अहवाल आला आणि तेव्हापासून त्याची मुख्य ओळख वृद्धांचे औषध अशीच झाली. आई व मूल दोघांना औषध देण्याची रीत काही बालरोगतज्ज्ञ अजून पाळतात. ती मला या परंपरेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

पुराव्यांची बाजू मात्र लंगडी आहे: मुलांवरच्या बऱ्याच चाचण्या लहान आहेत आणि पुष्कळसा आधार वापराच्या अनुभवाचाच आहे. ज्येष्ठमधाने रक्तातील पोटॅशियम घटू शकते आणि रक्तदाब वाढू शकतो. माओतोमधील एफेड्रा या वनस्पतीने झोप उडते, छाती धडधडते. दुकानात मिळणाऱ्या कांपो अर्कांच्या वेष्टनांवर साधारणपणे तीन महिन्यांखालील बाळांना मनाई असते. दोन वर्षांखाली प्रौढाच्या पाव मात्रेपर्यंत, सात ते चौदा वर्षांत दोन तृतीयांश. मधाने वळलेल्या गोळ्या वर्षाखालच्या बाळाला देत नाहीत, कारण मधातून बोट्युलिझम (एका जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. सरकारने तसा इशारा 1987 मध्येच दिला आहे.

राहता राहिला चवीचा प्रश्न. पुडीतली भुकटी कोमट पाण्याच्या थेंबांत कालवून बाळाच्या टाळूला किंवा गालाच्या आतून बोटाने लावतात आणि लगेच दूध पाजतात. थोड्या मोठ्या मुलांना कोको किंवा चॉकलेट आइस्क्रीममधून देतात. कडवटपणा त्यात बराचसा लपतो.