भंडारदरा: धरण शेतीचं, हंगाम पर्यटकांचे

कळसूबाईच्या कुशीतल्या भंडारदऱ्याला लोक आज तंबू, होडी आणि काजव्यांसाठी येतात. पण तिथे कधी काय दिसेल, हे बरंचसं सिंचनाच्या पाण्यावर ठरतं. प्रवरेवरच्या या दगडी धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाला विल्सन डॅम, तर मागच्या पाण्याला आर्थर लेक ही नावं पडली. साठा सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडलेलं पाणी) सुटलं की ते नदीतूनच ओझर बंधाऱ्यावर जातं, तिथून कालव्यांत. प्रवराकाठचा ऊस आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच पाण्यावर उभे राहिले.

अंब्रेला फॉलही त्यातूनच आला. धरणाच्या मोरीतून सुटलेलं पाणी खालच्या गोलसर कातळावरून चहूबाजूंनी ओघळतं. मोरी बंद असेल तर धबधबा नाही, म्हणून निघण्याआधी विसर्ग चालू आहे का ते विचारावं.

आवर्तनांनी उन्हाळ्यात जलाशय खाली जातो आणि काठ उघडा पडतो. हा गाळ वरून कोरडा, खाली ओला. पाय रुततो, गाडीही फसते. पावसाळ्यात हीच जागा पुन्हा पाण्याखाली जाते. झुडपं जिथे सुरू होतात ती साधारण पूर्ण साठ्याची रेषा. तंबू तिच्या वरच लावावा.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं आणि भोवतालच्या जंगलात वन खात्याचे नियम आले. त्यांची खरी कसोटी मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत लागते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ काजव्यांनी लखलखतात ते मीलनासाठी. हेडलाइट, फ्लॅश पडला की नर-मादीचे इशारे बुजतात आणि मीलन हुकतं. अंडी-अळ्या जमिनीलगत असतात, त्यामुळे झाडाखालची गर्दी पुढच्या वर्षीचे काजवेच तुडवते. गाडी लांब लावावी, दिवे मालवावेत, पायवाट सोडू नये. एवढं पाळायचं नसेल तर या दिवसांत न गेलेलंच बरं.

जवळच्या साम्रद गावची सांदण दरी मात्र पावसाळ्यात पूर्ण टाळावी. ही घळ काही ठिकाणी जेमतेम काही फूट रुंद आहे. वरच्या पठारावर सर कोसळली की पाणी तिच्यातूनच धावतं आणि बाजूला चढायला जागा नसते. पाऊस पूर्ण सरल्यावर उतरावं. तेव्हाही सुरुवातीच्या डोहांत कमरेपर्यंत पाणी असू शकतं.