नवोदित क्वार्टरबॅक : पहिल्या हंगामातील नेमणूक

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) ड्राफ्टमधून (संघांनी क्रमाक्रमाने करायची नव्या खेळाडूंची निवड) आलेल्या क्वार्टरबॅकला (आक्रमणाची चाल चालवणारा व चेंडू फेकणारा खेळाडू) पहिल्या हंगामातच मुख्य खेळाडू म्हणून उतरवावे, की एखाद्या अनुभवी क्वार्टरबॅकच्या मागे बसवावे, हा संघव्यवस्थापनातील जुना वाद आहे.

पूर्वी बसवण्याकडेच कल होता. टेरी ब्रॅडशॉने १९७० च्या पहिल्या हंगामात ६ टचडाउन पास (गुण मिळवून देणारे फेके) व २४ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले फेके) दिल्याचे उदाहरण त्यासाठी दिले जाई. हा कल केव्हा पालटला याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते मॅट रायन व जो फ्लॅको या दोघा नवोदितांनी २००८ मध्ये सर्व १६ सामने खेळून आपापले संघ प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) नेले, तेव्हापासून. दुसरे मत लीग व खेळाडू संघटना यांच्यातील २०११ च्या कामगार कराराला महत्त्व देते, कारण त्याने नवोदितांचे मानधन खाली आणले. २०१० चा पहिला ड्राफ्ट-मानकरी सॅम ब्रॅडफर्ड याचा करार ६ वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा होता. पुढच्या वर्षीच्या कॅम न्यूटनचा ४ वर्षांसाठी सुमारे २.२ कोटींचा. क्वार्टरबॅक स्वस्त असतो ती चार वर्षेच (पहिल्या फेरीतल्यांना संघाच्या इच्छेने पाचवे) उरलेला संघ उभारायची, त्यातले एक बाकावर का घालवायचे, असा हा हिशेब. २०१२ मध्ये पाच नवोदित सलामीलाच उतरले. मात्र महागडा खेळाडू बसवून ठेवणेही मालकांना जड जाईच, आणि रायन-फ्लॅको करारापूर्वीचे. करारामुळे प्रवाहाला वेग आला, उगम त्याआधीचा असावा, हे मत अधिक पटणारे वाटते.

तयारीचा खरा प्रश्न सरावाच्या वाटणीचा आहे. आठवड्याच्या सरावात पहिल्या फळीबरोबरचे बहुतेक स्नॅप (चालीची आवर्तने) मुख्य क्वार्टरबॅकला मिळतात. दुसरा खेळाडू बहुधा आगामी प्रतिस्पर्ध्याच्या चाली कार्डावर पाहून आपल्याच बचावफळीसमोर वठवतो, म्हणजे आपल्या संघाची भाषा त्याच्या तोंडी फारशी बसत नाही. २०११ नंतर हंगामातील पॅड घालून करायचे सराव १४ वर आले आणि २०२१ पासून पूर्वतयारीचे सामने चाराऐवजी तीन झाले. बाकावर बसून शिकण्याची सोय त्यामुळे आणखी आटली.

सामन्यात चाल हेल्मेटमधील रेडिओवरून येते व चाल सुरू करण्यासाठीच्या घड्याळात १५ सेकंद उरताच तो बंद होतो. तेवढ्या वेळात रचना तपासायची, प्रतिस्पर्ध्याच्या बचावातला मधला लाइनबॅकर (दुसऱ्या ओळीतला बचावपटू) कोण हे ओळखून सांगायचे (क्वार्टरबॅकला जपणारी रक्षक फळी आपापला माणूस त्यावरून धरते) आणि धावून येणारे रक्षकांपेक्षा जास्त दिसले तर चेंडू झटपट कोणाकडे टाकायचा ते ठरवायचे. महाविद्यालयात शॉटगनमध्ये (चेंडू मागे देणाऱ्यापासून काही पावले मागे) उभे राहण्याची, आणि २०२३ पर्यंत मैदानाबाहेरच्या खुणा वाचण्याची, सवय असलेल्याला हे नवे असते. त्याची ठरलेली चूक म्हणजे रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) मोकळा दिसेपर्यंत थांबणे. तो मोकळा होण्याआधीच चेंडू सुटायला हवा. उशीर झाला की सॅक होतो (चेंडू हातात असतानाच तो पाडला जातो), आणि नजर एकाच रिसीव्हरवर खिळली की सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) तिकडेच धावतो. नव्यानेच स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सच्या डेव्हिड कारला २००२ मध्ये ७६ सॅक सोसावे लागले. दोष सहसा रक्षक फळीला दिला जातो. चेंडू धरून ठेवण्याची सवयही त्याला कारण असावी.

बसवण्याच्या बाजूने ॲरन रॉजर्स (ब्रेट फार्व्हमागे तीन हंगाम) व पॅट्रिक माहोम्स (२०१७ मध्ये एकच सामना, २०१८ मध्ये ५० टचडाउन पास) यांचे दाखले देतात. विरोधी पक्ष पेटन मॅनिंगचा. त्याने १९९८ मध्ये २८ इंटरसेप्शन दिले, संघ ३-१३ (३ विजय, १३ पराभव) राहिला. पुढच्याच वर्षी १३-३. दोन्ही पुरावे सदोष आहेत, कारण वरचा ड्राफ्ट क्रमांक दुबळ्या संघाला मिळतो, तर २४ व्या क्रमांकाचा रॉजर्स स्थिरस्थावर संघात गेला. २००४ चा ड्राफ्ट जास्त बोलका आहे. एली मॅनिंग नऊ सामन्यांनंतर उतरला, फिलिप रिव्हर्स ड्रू ब्रीजमागे दोन हंगाम बसला, आणि टॉमी मॅडॉक्सच्या दुखापतीमुळे उतरलेल्या बेन रॉथलिसबर्गरने साखळीतले आपले १३ही सामने जिंकले. तिघांचीही कारकीर्द दीर्घ झाली. रॉथलिसबर्गरच्या पाठीशी धावण्यावर भर देणारा खेळ व भक्कम बचाव होता, हे विसरले जाते. २०२४ च्या हंगामापर्यंत मात्र कोणताही नवोदित क्वार्टरबॅक सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) मुख्य खेळाडू म्हणून उतरलेला नाही.

हंगामाच्या मध्यात बदल करायचा तर विश्रांतीचा आठवडा गाठतात, कारण पहिल्या फळीबरोबर सरावाचे जादा दिवस मिळतात. शक्यतो घरचा सामना निवडतात. परक्या मैदानावर गोंगाटामुळे आवाजी इशारे ऐकू जात नाहीत. एकदा उतरवून परत बसवणे प्रशिक्षक टाळतात. तरीही १९८३ मध्ये जॉन एल्वेला काही सामन्यांनंतर स्टीव्ह डीबर्गसाठी जागा सोडावी लागली, आणि त्याच हंगामात तो परतलाही.