येशू मसीहा की नाही? ज्यू-ख्रिश्चन मतभेद

येशू ज्यू, त्याची आई ज्यू, पहिले शिष्यही सगळे ज्यूच, आणि तरी ज्यू धर्मात त्याला काहीच स्थान नाही, याचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. वाद काय आहे, तर मसीहा येऊन गेला की अजून यायचाय, आणि त्याच्याही आधी, मसीहा म्हणजे नक्की कोण. हिब्रूत माशिआख म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. राजाला, याजकाला असं तेल लावायचे. ग्रीकमधे त्याचंच ख्रिस्तोस झालं, म्हणजे ख्रिस्त हे येशूचं आडनाव नव्हे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायात तर इराणचा राजा कोरेश, जो ज्यूसुद्धा नव्हता, त्यालाही हाच शब्द लावलाय.

ज्यू लोकांच्या दृष्टीने मसीहा हा माणूसच, दावीदाच्या वंशातला राजा, आणि त्याची कामं ठरलेली: विखुरलेल्या इस्राएलींना परत आणायचं, जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभं करायचं, जगात शांतता आणायची. १२व्या शतकातल्या मायमोनिदीस या ज्यू पंडिताने सरळ लिहून ठेवलंय की जो ही कामं पूर्ण न करताच मारला गेला तो मसीहा नव्हे. हा नियम फक्त येशूसाठी नव्हता बरं का. इ.स. १३२ मधे रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या बार कोखबाला खुद्द रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) अकिवाने मसीहा मानलं होतं, तो पडला आणि विषय संपला. ख्रिश्चनांचं उत्तर असं की पहिल्या येण्यात येशूने पापांसाठी बळी दिला, उरलेलं दुसऱ्या येण्यात होईल. ज्यू म्हणतात, दोनदा येणार असं कुठे लिहिलंय, आणि जन्मजात पाप असं काही नाहीच तर बळी कशासाठी? पश्चात्ताप करा, देव माफ करतो.

मग शब्दांची भांडणं. सगळ्यात गाजलेलं यशया ७:१४ चं. हिब्रूत शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. येशूच्या आधीच ज्यूंनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘पार्थेनोस’ आलं, म्हणजे कुमारी, आणि येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने तेच उचललं. मराठी बायबलमधेही कुमारीच आहे. ज्यू म्हणतात, मागचंपुढचं वाचा, यशया तिथे आहाज राजाला त्याच्याच काळातल्या लढाईबद्दल सांगतोय, सातशे वर्षांनी होणारा जन्म त्या बिचाऱ्या राजाच्या काय कामाचा! मला विचाराल तर या एका शब्दावर दोन्हीकडून उगाच जास्त शाई गेली, कारण उद्या ‘कुमारी’ मान्य केलं तरी ज्यू येशूला देव मानणार नाहीतच.

खरी अडचण तिथेच आहे, आणि हे १२६३ च्या जुलैमधे बार्सिलोनाला नाखमानिदीस या रब्बीने राजासमोर स्पष्ट सांगितलं. आरागॉनचा राजा पहिला हाइमे याने भरवलेल्या या वादात समोर पाब्लो ख्रिस्तियानी होता, जन्माने ज्यू, नंतर डॉमिनिकन पंथाचा ख्रिस्ती साधू झालेला, आणि तो येशू मसीहा असल्याचं तालमूदमधूनच, म्हणजे ज्यू रब्बींच्याच ग्रंथातून, सिद्ध करायला निघाला होता. मंदिर पडलं त्याच दिवशी मसीहा जन्मला अशी एक कथा त्याने काढली. नाखमानिदीस म्हणाला, अशा कथा मानायचं बंधन आमच्यावर नाही, आणि मानली तरी मंदिर पडायच्या कितीतरी आधी येशू जन्मला होता, हिशोब जुळत नाही. पुढे म्हणाला, येशूपासून आजपर्यंत जग मारामारीने भरलंय, आणि महाराज, लढाई बंद झाली तर तुमचं आणि तुमच्या सरदारांचं कसं होणार? त्याच्याच वृत्तांताप्रमाणे राजाने त्याला ३०० दिनार दिले. पण ही काही बरोबरीची कुस्ती नव्हती, तोच वृत्तांत लिहिल्याबद्दल पुढे डॉमिनिकन लोक मागे लागले आणि म्हाताऱ्याला देश सोडावा लागला. १२६७ मधे तो जेरुसलेमला पोचला.

येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सगळ्या ज्यूंवर टाकता येत नाही, हे व्हॅटिकनने अधिकृतपणे म्हटलं ते थेट १९६५ मधे.

आपल्याकडे या वादाची झळ सौम्य. १९व्या शतकात मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, मुलांना हिब्रू शिकवलं, मराठीतून हिब्रू व्याकरणही काढलं. ख्रिस्ती फारच थोडे झाले, हिब्रू मात्र कामाला आली, सिनेगॉगमधे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात. याच कोकणी ज्यूंकडे नवस फेडताना एलियाहू हानाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात, ताटात गोड पोहे, खोबरं, वेलची, फळं. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाप्रमाणे देवाचा तो मोठा दिवस यायच्या आधी हा एलिया येणार. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊनही गेलाय. अलिबागजवळ खंडाळ्याला मात्र कातळावर त्याच्या घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात, आणि त्या, म्हणे, तो इथून वर स्वर्गात गेला तेव्हाच्या.