‘आम्हांला परीक्षेत आणू नको’: रोजच्या मोहाशी झुंजण्यामागची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती उपासनेत येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना एका सुरात म्हटली जाते आणि त्यात ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ हे शब्द येतात. दहावीला बसलेल्या पोराला ‘परीक्षा’ म्हणजे काय वाटत असेल, हा प्रश्न पोरकट नाही. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’. कसोटी आणि भुलवणूक, दोन्ही त्यात आहेत. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तो कुठे ‘परीक्षा’ होतो, कुठे ‘मोह’. फक्त ‘परीक्षा’ ऐकणाऱ्याला वाटते, देवानेच सापळा लावला. फक्त ‘मोह’ ऐकणाऱ्याला वाटते, मनात विचार आला म्हणजे पाप झालेच. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय दोन्ही समज खोडतो. देव कोणाला मोहात घालत नाही. माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, वासना गर्भ धरते आणि मग पाप जन्मते. म्हणजे ओढ आणि पाप यांच्यात वेळ असतो. इब्री लोकांस पत्रात तर स्वतः येशूची सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला असे लिहिले आहे. मोह येणे हेच पाप असते, तर हे वाक्य लिहिताच आले नसते.

तो मधला वेळ कसा वापरायचा, याचा पहिला धडा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. चाळीस दिवसांचा उपवास, खरीखुरी भूक आणि सैतानाच्या तीन सूचना. येशू तिन्हींना जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर देतो: ८:३, ६:१६, ६:१३. प्रत्येकाला एकच वचन, तेही थोडक्यात. लूक दुसऱ्या आणि तिसऱ्या मोहाचा क्रम बदलतो, पण उत्तरांची पद्धत तीच ठेवतो. याच्या शेजारी उत्पत्तीचा तिसरा अध्याय ठेवून पाहा. हव्वा सर्पाशी बोलत बसते आणि बोलता बोलता देवाच्या आज्ञेत ‘स्पर्शही करू नका’ अशी भर घालते. हरण्याची सुरुवात त्या संभाषणात आहे. फळ तोडले गेले ते नंतर.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या ख्रिस्ती तपस्व्याने यातूनच शिस्त बांधली. त्याने आठ ‘विचार’ मोजले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. प्रत्येकाला तोंडावर परतवणारी शास्त्रवचने त्याने एका ग्रंथात गोळा केली. विचाराने आपल्याला सतावावे की नाही हे आपल्या हाती नाही, त्याने मुक्काम करावा की नाही हे आहे, असे तो सांगे. योहान कॅसियनने ही शिकवण पश्चिमेकडे नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने यादी फिरवून सातावर आणली आणि पुढे तिला ‘सात पापे’ म्हणू लागले. ‘विचारां’ची ‘पापे’ झाली, हे नुकसानच म्हणायला हवे, कारण झुंजायची जागा नावातून पुसली गेली. ग्रेगरीने मात्र पायऱ्या नीट सांगितल्या होत्या: सूचना, गोडी, संमती.

पगाराच्या संध्याकाळी या तिन्ही पायऱ्या दिसतात. कारखान्यातून निघताना आठवते की गुत्ता वाटेवरच आहे. ही सूचना. ‘एकच क्वार्टर, आठवडाभर राबलोय’ हे गोडीचे वाक्य. वळणावर सायकल त्या बाजूला वळते ती संमती. पहिल्या पायरीवर वाट बदलायला चार पावले पुरतात. तिसरीवर चार माणसे धरायला लागतात. मोबाइलवरच्या जुगाराला तर वळणही लागत नाही, अंगठा हलला की झाले.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने हिशेबाची रीत दिली. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताच निश्चय, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर झडती. वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी दोन-दोन रेघा, वरची दुपारची, खालची रात्रीची, आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके. कालच्याशी आजचे ताडून पाहायचे. इग्नेशियसच्याच येशूसंघातल्या (जेसुइट) थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठी ओव्यांत छापले गेले. प्रॉटेस्टंटांत १७३८ मध्ये जॉन वेस्लीने छोटे गट बांधले. दर आठवड्याला प्रत्येकाला विचारत: कोणते मोह आले आणि सुटका कशी झाली?

सोलापुरात हा वारसा प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशनमार्फत आला. मुंबईत १८१३, अहमदनगरला १८३१ आणि १८६०च्या दशकात सोलापूर. रेल्वे १८६० मध्ये पोचली, जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, हाती रोख पगार आला आणि त्याबरोबर दारू, सट्टा आणि सावकारही. मिशनने निषिद्ध गोष्टींची यादीच हाती दिली. त्या यादीने कितीतरी घरांत पीठ-मीठ टिकले, हे मान्य करायलाच हवे. पण तिने मोह बाहेरच्या वस्तूंत बसवला. तमाशाला न जाणारा माणूस घरात जिभेने बायकोला फाडत असेल, तर यादीत ते दिसत नसे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी आणि कीर्तनांनी ही झुंज पुन्हा अंतःकरणात आणली, तीही आपल्या चालीवर.

याच शहरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. १८७१ च्या कायद्यापासून काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले गेले. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले आणि १९५२ मध्ये तो कायदा गेला. याकोब म्हणतो, ‘प्रत्येक जण’ स्वतःच्या वासनेने ओढला जातो. मोहाला जात लावणे या शिकवणीत बसत नाही.

आज वापरताना गल्लत होते ती ‘पळा’ आणि ‘अडवा’ यांत. जारकर्मापासून पळा, असे पौल करिंथकरांस सांगतो. योसेफ वस्त्र टाकून पळाला. सैतानाला मात्र अडवा, असे याकोब म्हणतो. देहाच्या ओढीसमोर उभे राहून प्रार्थना करणारे बहुधा हरतात. आधी जागा सोडायची, मग प्रार्थना. वचन एकच आणि लहान घ्यावे, एका श्वासात म्हणता येईल एवढे. संकटात अख्खा अध्याय आठवत नाही. पगार खात्यावर येत असेल तर त्याच तासात घरखर्च बायकोच्या खात्यावर आणि भिशीचा हप्ता भिशीत. फोन करायला एक माणूस आधी ठरलेला हवा. तो पाळकच असावा असे नाही, पण रात्री दहाला फोन उचलणारा असावा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या जोशात एकदम सोडू नये. कंप, भ्रम, झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतते. आधी डॉक्टर. त्यात विश्वास कमी पडला असे काही नाही.

उपवासकाळ राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवसांचा, रविवार वगळून ४०. निश्चय मोडतो तो बहुधा ईस्टरनंतर. मत्तयाच्या बाराव्या अध्यायातले घर झाडून नीटनेटके होते पण रिकामे होते, म्हणून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जण घेऊन परतला. गुत्त्यावर जाणारा संध्याकाळचा सात ते आठ हा तास सुटतो, तेव्हा तो रिकामाच असतो. म्हणून त्या तासाला मुलांचा अभ्यास, गायनाची तालीम की आजाऱ्याची भेट, हे राखेच्या बुधवारआधीच ठरवून वहीत लिहायचे, रेघांच्या वरच.