कच्छचं भरतकाम आणि कारागीर बायकांच्या संस्था

गुजरातमधल्या कच्छ जिल्ह्यात भरतकाम करणाऱ्या बायकांच्या ज्या संस्था 1969 नंतर उभ्या राहिल्या, त्या आणि त्यात काम करता करता बायका जे शिकल्या ते, असं दोन्ही या नोंदीत येतं. टाका घालायला त्या घरीच आई-आजीकडून शिकतात, संस्थेत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण "महिलांना भरतकामाचं ट्रेनिंग दिलं" असं सर्रास छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं या बायकांना सुई धरता येत नव्हती.

हे काम किती जुनं यावर एकमत नाहीये. 13व्या शतकाच्या शेवटी गुजरातेत सोन्या-चांदीच्या तारेनं भरलेल्या चामड्याच्या चटया बनतात असं मार्को पोलो सांगतो, आणि त्यावरून काहीजण थेट कच्छच्या मोची भरतापर्यंत (भरत म्हणजे भरतकाम) रेघ ओढतात. मोची म्हणजे चामड्याचं काम करणारे, त्यांची टोकाला आकडी असलेली आरी पुढे रेशमी कापडावर आली आणि भुजच्या दरबारासाठी बारीक साखळी टाक्याचं काम व्हायला लागलं, असा हा तर्क आहे. तो पटण्यासारखा आहे, पण मधल्या शतकांचा पुरावा फार विरळ. सिंधमधल्या एका फकिरानं कच्छी मोच्याला ही विद्या दिली ही गोष्ट जास्त ऐकू येते, ती दंतकथा म्हणूनच धरावी. आज बघायला मिळणारे जुने कच्छी नमुने बहुतेक 19व्या शतकातले किंवा त्यानंतरचे. आणि मुळात मोची भरत हा पुरुषांचा, विकण्यासाठीचा धंदा. गावातल्या बायका भरायच्या त्या "आण्या"साठी, आणं म्हणजे लग्नात मुलीबरोबर सासरी द्यायचे भरलेले कपडे-वस्तू, आपल्याकडच्या रुखवताच्या जवळ जाणारा प्रकार, ते बाजारात जातच नव्हतं. तेव्हा या दोन्हींचा इतिहास वेगवेगळा ठेवणंच बरं वाटतं, एकात एक मिसळला की घोळ होतो.

सुफ, खारेक आणि पाको हे तीन प्रकार सिंध-थरपारकरकडचे. 1971च्या युद्धानंतर तिकडून सोढा राजपूत आणि मेघवाळ कुटुंबं कच्छमध्ये आली, त्यांच्या बायकांच्या हातातून हे काम इथे आलं. खारेक म्हणजे आपली खारीकच, भरलेले लांबट पट्टे बघितले की नाव का पडलं ते कळतं. पाको म्हणजे पक्का, यात चिखलात सुई बुडवून आधी आकृती काढतात आणि मग चौकोनी साखळीनं घट्ट भरतात. सुफच्या नावाबद्दल मात्र दोन मतं आहेत. कारागीर त्रिकोणालाच सुफ म्हणतात, उलट सिंधीत सुफ म्हणजे सफरचंद, म्हणून काहीजण फळाकडे बोट दाखवतात. अख्खं काम त्रिकोणावर उभं आहे हे बघता पहिलंच मत जवळचं वाटतं.

सुफमध्ये कापडावर काहीही काढत नाहीत, छापतही नाहीत. बाई कापड उलटं धरते, ताण्या-बाण्याचे दोरे मोजते आणि मागच्या बाजूनं भरत जाते, म्हणजे नक्षी उभी राहते ती तिच्या डोळ्यांसमोर नसलेल्या बाजूला. मोजताना एक दोरा चुकला तर त्रिकोणाचं टोक शेजारच्याला भिडत नाही, पुढची सगळी ओळ सरकते आणि मग उसवण्याशिवाय इलाज नसतो. शाळेची पायरी न चढलेली बाई हा सगळा हिशोब डोक्यात ठेवते, आणि तरी सरकारी कागदावर ती "अकुशल" असू शकते हे जरा गंमतीशीरच आहे.

संस्थांची सुरुवात 1969च्या दुष्काळापासून धरतात. मुंबईहून मदतकार्यासाठी गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांना धाणेटी गावातल्या बायकांनी फुकटचं नको, काम द्या असं सांगितलं, त्यातून साड्यांवर भरतकाम करून घेऊन मुंबईत विकणं सुरू झालं आणि श्रुजन उभी राहिली. पण श्रुजन हा ट्रस्ट, तिला सहकारी संस्था म्हणणं बरोबर नाही. 1989मध्ये सुरू झालेलं कच्छ महिला विकास संघटन आणि त्यातून निघालेलं कसब हे सहकारी संस्थेच्या जास्त जवळ येतं, कसब पुढे कारागीर बायकांच्याच मालकीची प्रोड्यूसर कंपनी झालं. कंपनी कायद्यात ही सोय 2002च्या दुरुस्तीनं आली, किमान 10 उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी काढता येते. शेजारच्या बनासकांठा भागात सेवा (SEWA) या स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या संघटनेनं असंच काम केलं. 1993मध्ये कच्छमधल्याच सुमरासर शेख या गावात कला रक्षा ही संस्था सुरू झाली, तिथे किंमत ठरवायला कारागिरांचीच कमिटी बसते.

शिक्षणाच्या दृष्टीनं ही किंमत ठरवण्याची बैठकच सगळ्यात महत्त्वाची म्हणायला हवी. आण्यासाठी भरताना वेळ कोणी मोजत नव्हतं, आता एका तुकड्याला किती दिवस लागले, दोरा कितीचा, शेजारणीचा टाका आपल्यापेक्षा बारीक आहे का, हे तोंडावर बोलावं लागतं, आणि नातेवाईक बाईचं काम कच्चं आहे असं सांगणं हे टाका शिकण्यापेक्षा अवघड.

2005मध्ये कला रक्षानं कारागिरांसाठी डिझाइनची शाळा काढली, त्यामागे ज्युडी फ्रेटर या अमेरिकन अभ्यासक होत्या. बायकांचे आणि पुरुषांचे वर्ग वेगळे, वर्षभरात दोन-दोन आठवड्यांचे सहा कोर्स. रंग, मूळ डिझाइन, बाजार, संकल्पना, कलेक्शन, मांडणी असा क्रम, मधल्या काळात घरी जाऊन काम करायचं आणि शेवटी ज्युरीसमोर ठेवायचं. 2014मध्ये आदिपूरला सोमैया कला विद्या याच पद्धतीवर सुरू झाली.

ढेबरिया रबारी या कच्छमधल्या पशुपालक समाजाचं उदाहरण थोडं वेगळं आहे. आणं भरून होईपर्यंत मुली सासरी जात नव्हत्या, त्यावरून वाद वाढले आणि 1995मध्ये समाजाच्या मोठ्यांनी भरतकामावरच बंदी घातली. बायकांनी मग बाजारातल्या तयार लेस-रिबिनी आणि शिलाई मशीन वापरून सजावट सुरू केली, तिला हरी जरी म्हणतात. कोणी शिकवलं नव्हतं. पुढे पाबीबेन रबारी यांनी हेच काम पिशव्यांवर आणलं आणि स्वतःच्याच नावानं विकायला काढलं.