सबवूफर गाडीत कुठे आणि कसा बसवावा

सबवूफर, म्हणजे बेससाठीचा वेगळा स्पीकर, घ्यायला आमच्या दुकानात आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दहा इंची घेऊ की बारा इंची?" आम्ही त्यांना उलट विचारतो, डिकीत रोज काय असतं? दुकानाचा माल, मुलाचं क्रिकेटचं किट, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, की काहीच नाही? त्यावर जागा ठरते, जागेवरून बॉक्स ठरतो आणि इंचांचं सगळ्यात शेवटी बघायचं.

बेस कुठून येतोय ते कानाला कळत नाही, हे खरंच आहे. 50 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, आपल्या गाडीपेक्षाही मोठी. म्हणून वूफर मागे असला तरी ठोका पुढून आल्यासारखा वाटतो. पण क्रॉसओव्हर (वूफरकडे किती हर्ट्झपर्यंतचा आवाज जावा ती मर्यादा) 80 हर्ट्झच्या आसपास ठेवला तरच. तो 150 वर नेला की पुरुष गायकाचा आवाज डिकीतून यायला लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, बॉक्स खराब निघाला.

हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच असते, त्यामुळे काम सोपं. बॉक्स मागच्या सीटला टेकवून वूफरचं तोंड मागच्या दाराकडे केलं, तर बहुतेक गाड्यांत बेस सगळ्यात भरदार मिळतो. सेडानमध्ये मागची सीट आणि पार्सल ट्रे मध्ये येतात. सीटच्या आर्मरेस्टमागे झडप असेल तर तिचा उपयोग करून घेतो. नसेल तर निम्मा ठोका डिकीतच घुमणार, हे आधीच सांगतो.

डिकी मोकळीच हवी असेल तर सीटखालचा आठ इंची ॲक्टिव्ह सबवूफर. त्याच्या आतच ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) असतो. घर हादरवणारा बेस तो देत नाही, पण ढोलकी आणि तबल्याचा डग्गा सुंदर ऐकवतो. चार माणसांच्या कुटुंबाला आम्ही बहुतेक वेळा हाच सुचवतो. सीट सगळ्यात खाली घेऊन उंची मोजावी लागते. मागे जाणारा एसीचा डक्ट आणि एअरबॅगचा पिवळा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सीटखालीच असतो, त्या कपलरला हात लावायचा नाही. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी मॅटखाली साचतं, म्हणून युनिट जमिनीपासून थोडं उचलूनच बसवतो.

सीएनजी गाडीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. गेल्या वर्षी एक काका वॅगन आर घेऊन आले. दुसरीकडे कुठेतरी बॉक्स थेट सिलिंडरच्या ब्रॅकेटला स्क्रू मारून बसवला होता आणि व्हॉल्व्ह पूर्ण झाकला गेला होता. गळती झाली असती तर गॅस बंद करायला हात कुठून घालणार? आम्ही तो बॉक्स त्याच दिवशी काढला. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) असते, त्या वेळीही बॉक्स दहा मिनिटांत निघायला हवा. सिलिंडरला, ब्रॅकेटला किंवा गॅसच्या पाइपला आम्ही काहीही बांधत नाही, पैसे दिले तरी नाही.

आता वायर. 300 वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या पॉवरचा) ॲम्प पूर्ण जोरात 25 ते 30 अँपिअर ओढतो. तेवढ्याला 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर लागते. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तशीच चकाकते. ओळखायची असेल तर एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. ॲम्पजवळ लावलेला फ्यूज मधली वायर पत्र्याला घासली तर आग थांबवू शकत नाही.

अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट घेतो, वायर जास्तीत जास्त दीड फूट. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीच वापरत नाही. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए केबल (स्टिरिओतून ॲम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी) दुसऱ्या बाजूने नेली नाही, तर ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारी शिट्टी ऐकू येते. कंपनीचा स्टिरिओ असेल तर कपलर वापरतो, मूळ वायर कापत नाही.

बॉक्स 18 मिमी जाड फळीचा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुगतो, तिथे मरीन प्लायला थोडे जास्त पैसे द्या. बारा इंची बॉक्स वूफरसकट 15 किलोच्या वर जातो, घाटात जोराचा ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवर आदळतो. म्हणून पट्टा किंवा ब्रॅकेटशिवाय गाडी सोडत नाही.

नवा बेस सुरू झाला की नंबर प्लेट आणि मागचं दार खडखडतं. प्लेटमागे फोमची पट्टी आणि दाराला ब्यूटाइल शीट लावली की बहुतेकदा थांबतं. ॲम्पवरचा गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचं बटण) म्हणजे व्हॉल्यूमचं बटण समजू नका. तो वाढवत नेला की आवाज फाटतो आणि वूफरची कॉइल जळते, आणि ती वॉरंटीत बसत नाही.

येताना डिकी रिकामी करून या आणि नेहमी ऐकता ती चार-पाच गाणी मोबाइलमध्ये आणा. बॉक्स आम्ही आधी नुसता ठेवतो, तोंड मागे, वर, बाजूला असं फिरवून तुम्हाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून ऐकवतो. फेजचं (वूफरच्या आत-बाहेर हालचालीची दिशा उलटवणारं) बटण 0 आणि 180 वर करून कुठे बेस भरतो तेही तुम्हीच सांगायचं. तुम्ही हो म्हटल्यावरच ड्रिल काढतो.